देणेकरी, घेणेकरी आणि मराठा चेंबर

भोसरीच्या एखाद्या गाळ्यातून पंपाच्या सुट्या भागांची पेटी परदेशी निघते, तेव्हा बिल आणि पॅकिंग लिस्टच्या जोडीला बऱ्याचदा आणखी एक कागद लागतो. हा माल भारतात तयार झाला, असं सांगणारा. निर्यातदार त्याला ‘सीओओ’ म्हणतात, म्हणजे सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन. तिकडच्या कस्टमवाल्याला गाळेवाल्याची सही पुरत नाही. त्या मालात ज्याचा पैसा अडकलेला नाही असा कुणीतरी तिसरा लागतो, आणि त्याच्या शब्दाला समुद्रापलीकडे किंमत असावी लागते. पुण्यात हा तिसरा म्हणजे बहुधा मराठा चेंबर. आता हा कारभार बराचसा ऑनलाइन झाला, पण सही मागणारा आणि सही देणारा यांचं नातं तेच राहिलं.

पूर्ण नाव मराठा चेंबर ऑफ कॉमर्स, इंडस्ट्रीज अँड अ‍ॅग्रिकल्चर. ते एका दमात कुणी घेत नाही. नव्याने पुण्यात आलेला माणूस ‘मराठा’ शब्दाशी अडखळतो आणि ही जातीची संस्था असावी असं समजतो. टिळकांच्या इंग्रजी साप्ताहिकाचं नावही ‘मराठा’च होतं, दोन्हीकडे अर्थ महाराष्ट्राचा, मराठी मुलखाचा. इंग्रजी स्पेलिंगसुद्धा त्या वर्तमानपत्रासारखं जुन्या वळणाचं, आणि ते आजवर कुणी बदललेलं नाही. पुणेकरांना जुनी स्पेलिंग प्रिय असतात.

चेंबर १९३४ मध्ये स्थापन झालं. स्थापनेमागचा प्रमुख माणूस गिरणीमालक नव्हता, पेढीवालाही नव्हता. अ. रा. भट वृत्तपत्रसृष्टीतले. स्वातंत्र्यानंतर नेमलेल्या पहिल्या प्रेस कमिशनवर जे सभासद होते, त्यांत त्यांचं नाव आहे. व्यापाऱ्यांची संघटना पत्रकाराने उभी करावी हे मुंबईत विचित्र वाटलं असतं. पुण्यात मात्र उद्योगाआधी उद्योगावरची भाषणं आली. न्यायमूर्ती रानड्यांनी १८९० मध्ये इथे औद्योगिक परिषद भरवली, तेव्हा दाखवण्याजोगे कारखाने बोटांवर मोजण्याइतके होते. पुढे अंताजी दामोदर काळ्यांनी लोकांकडून एकेक पैसा गोळा करून पैसा फंड उभा केला आणि त्यातून १९०८ मध्ये तळेगावला काचेचा कारखाना निघाला. आधी विचार, मग वर्गणी, मग यंत्र, असा हा क्रम. १९३४चं पुणे पेन्शनरांचं, विद्यार्थ्यांचं आणि तांबट आळीच्या ठोक्यांचं गाव होतं. अशा गावात चेंबर काढणं म्हणजे लग्न ठरायच्या आधी मांडव घालण्यासारखंच.

पण मांडव वाया गेला नाही. दुसऱ्याच वर्षी प्रा. वा. गो. काळे आणि द. कृ. साठे यांच्या पुढाकाराने बँक ऑफ महाराष्ट्रची नोंदणी झाली. १९४६ मध्ये खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्स आली. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स. १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली आणि त्या दशकात आकुर्डीला बजाज, पिंपरीला टेल्को उभे राहिले. सेनापती बापट रस्त्यावरच्या चेंबरच्या सभागृहाला टेल्कोच्या सुमंत मूळगावकरांचं नाव आहे, हे त्या काळाचं ऋण. आणि नावातली ती ‘अ‍ॅग्रिकल्चर’ काही शोभेची नाही. किर्लोस्करांचा पहिला गाजलेला माल लोखंडी नांगर होता. त्यांची इंजिनं विहिरींवर बसली. इथल्या कारखान्यांचं एक मोठं गिऱ्हाईक शेतकरीच होता.

मोठ्या कारखान्यांच्या मागोमाग भोसरी, चिंचवड, पुढे चाकणपर्यंत लहान वर्कशॉपांची रांग लागली. चार लेथ, दोन व्हीएमसी, मालक स्वतः सकाळी शटर उघडणारा. याच्याकडे कायदा वाचायला वेगळा माणूस नसतो. जीएसटीचं नवं परिपत्रक आलं, वीज नियामक आयोगासमोर दरवाढीची सुनावणी लागली, भविष्यनिर्वाह निधीचा नियम बदलला, तर मोठ्या कंपनीत त्या त्या खात्याचा साहेब बसलेला असतो. इथे मालक, अकाउंटंट आणि डिस्पॅचवाला पुष्कळदा एकच. चेंबरचा रोजचा धंदा या माणसासाठी कागद वाचण्याचा आहे. समित्या, निवेदनं, अर्थसंकल्पावरची व्याख्यानं, ‘संपदा’ हे मराठी मासिक. बाहेरून हे सगळं फार कंटाळवाणं दिसतं. माझं मत असं की संघटनेची खरी कमाई या कंटाळवाण्या भागातच असते. पुरस्कार समारंभाचे फोटो छापून येतात, हरकतींच्या सुनावणीचे येत नाहीत.

पुण्यातल्या सर्वसामान्य घरात मात्र ‘चेंबर’ म्हटलं की दुसरीच संस्था आठवते, आणि तीही दिवाळीत. मार्केट यार्डातल्या व्यापार भवनातलं दि पूना मर्चंट्स चेंबर ही भुसार, गूळ, किराणा यांच्या घाऊक व्यापाऱ्यांची संघटना. तीन दशकांहून अधिक काळ ती दर दिवाळीला ‘ना नफा ना तोटा’ या हिशेबाने लाडू आणि चिवडा करून विकते. यातली गंमत अर्थशास्त्राची आहे. मिठाईवाल्याला बेसन, साखर, तेल, पोहे बाजारातून आणावे लागतात. हे लोक स्वतःच बाजार. कोणत्या गाळ्यावर कोणतं बेसन चांगलं उतरलंय हे त्यांना चव न घेता माहीत असतं. कच्चा माल घाऊक भावाचा, विकायला सभासदांची आणि ओळखीच्यांची दुकानं, वर नफा शून्य. मग किलोचा भाव बाजारापेक्षा खाली राहणारच. तो वर्तमानपत्रात छापून येतो आणि घरोघरी आपोआप तुलना सुरू होते. घरी लाडू वळणाऱ्या बायकासुद्धा ‘मर्चंट चेंबरला काय भाव लागलाय’ हे विचारून मगच ठरवतात.

हेच व्यापारी एरवी शहराला नकोसेही होतात. २०१३ मध्ये महापालिकेने जकातीऐवजी स्थानिक संस्था कर, म्हणजे एलबीटी आणला, तेव्हा पुण्याच्या बाजारपेठा दिवसेंदिवस बंद राहिल्या. व्यापाऱ्यांचं म्हणणं, जकात नाक्यावर संपत होती, आता हिशेबाच्या वह्या घेऊन पालिकेच्या दारात जायचं. ग्राहकाचं म्हणणं, माझा किराणा कुठाय? ऑगस्ट २०१५ मध्ये बहुतेक व्यापाऱ्यांचा एलबीटी गेला. जुलै २०२२ मध्ये २५ किलोपर्यंतच्या पाकीटबंद, लेबल लावलेल्या धान्यावर पाच टक्के जीएसटी लागला, तेव्हा देशभरच्या धान्यबाजारांबरोबर पुण्याचा भुसार बाजारही विरोधात उभा राहिला. म्हणजे दिवाळीत लाडू देणारा हात बाकीच्या वर्षात शटरही ओढतो. यात ढोंग नाही. संघटना सभासदांची असते, शहराची नंतर. लाडवामुळे शटर माफ होतं की नाही, हे ज्याने त्याने ठरवावं.

त्याच यार्डात, पोती ज्यांच्या पाठीवरून गाळ्यात जातात त्यांची संघटना याहून जुनी नसली तरी वजनदार आहे. डॉ. बाबा आढावांची हमाल पंचायत पन्नाशीच्या दशकातली, आणि तिने १९७४ मध्ये सुरू केलेली ‘कष्टाची भाकर’ ही स्वस्त जेवणाची केंद्रं आजही पुण्यात पोटभर जेवायला घालतात. व्यापारी वर्षातून एकदा ना नफा ना तोटा करतात, हमाल रोज. लाडवाचं कौतुक करताना हे सांगायला हवं.

आता पुन्हा मराठा चेंबरकडे, आणि २०२० कडे. मार्चमध्ये टाळेबंदी लागली आणि पुणे देशातल्या सर्वांत बाधित शहरांपैकी एक ठरलं. तेव्हा सुधीर मेहता चेंबरच्या कामात होते, पुढे ते त्याचे अध्यक्षही झाले. त्यांच्या पुढाकाराने उद्योग, रुग्णालयं, प्रशासन आणि स्वयंसेवी संस्था यांची ‘पुणे प्लॅटफॉर्म फॉर कोविड-१९ रिस्पॉन्स’ ही एकत्र मोट बांधली गेली. दुसऱ्या लाटेत, एप्रिल २०२१ मध्ये, ‘मिशन वायू’ निघालं. सिंगापूरच्या टेमासेक फाउंडेशनच्या साह्याने ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर आणि बायपॅप यंत्रं विमानाने आली आणि पुण्याबाहेर इतर राज्यांतही पोचली.

हे शक्य कशामुळे झालं, याचं उत्तर मला त्या कंटाळवाण्या कागदांत सापडतं. परदेशातून यंत्र आणायचं म्हणजे कस्टम, आयात परवाना, मालवाहतूक, गोदाम, बँक. यातला कोणता माणूस कोणत्या टेबलावर बसतो हे ज्यांना वर्षानुवर्षं माहीत होतं, त्यांनी रात्री अकराला फोन केला की पलीकडून उचलला जायचा. फोनच्या या याद्या संकटात तयार होत नाहीत. त्या सर्टिफिकेट, सुनावण्या आणि चहा-बिस्किटांच्या बैठकांतून साचत जातात.

याच काळातला एक विरोधाभास फार थोड्यांच्या लक्षात राहिला. २२ एप्रिल २०२१ पासून केंद्राने मोजके उद्योग वगळता कारखान्यांचा ऑक्सिजन थांबवून रुग्णालयांकडे वळवला. निर्णय योग्यच होता. पण पत्रा कापणारा, गॅस कटिंग करणारा जो छोटा फॅब्रिकेटर, त्याचा सिलिंडर रिकामा झाला आणि काम बंद पडलं. संघटनेच्या नावाने हवा शहराला मिळत होती, आणि तिच्याच लहान सभासदांचे टॉर्च विझलेले होते. त्यांनी कुरकुर केल्याचं फारसं ऐकू आलं नाही.

पुण्यात असं सामूहिक शहाणपण याआधीही दिसलं होतं, फक्त त्याचं श्रेय चेंबरकडे लावून चालणार नाही. २००६ मध्ये राज्यभर भारनियमन चालू असताना सीआयआय या दुसऱ्या उद्योगसंघटनेच्या पुढाकाराने ‘पुणे पॅटर्न’ आला. कारखान्यांनी टंचाईच्या वेळी आपापले जनरेटर चालवायचे, त्यामुळे वाचलेली वीज शहराला द्यायची, आणि डिझेलचा जादा खर्च जास्त वीज वापरणाऱ्या ग्राहकांच्या बिलावर अधिभार लावून काढायचा. वीज नियामक आयोगाने त्याला मान्यता दिली आणि पुणं काही काळ अंधारातून सुटलं.

आता अवघड भाग. चेंबरच्या छपराखाली वाहन बनवणारी मोठी कंपनी असते आणि तिला ब्रॅकेट पुरवणारा चिंचवडचा वर्कशॉपवालाही असतो. वर्गणी दोघेही भरतात. सरकारशी भांडताना दोघं एका बाजूला. पण लहान कारखानदाराची सगळ्यात मोठी तक्रार सरकारविषयी नसतेच. ती पेमेंटविषयी असते. माल गेला, जीएसटी भरला, कामगारांचा पगार झाला, आणि बिल नव्वद दिवस, एकशेवीस दिवस पडून. त्याचं खेळतं भांडवल मोठ्याच्या गल्ल्यात फिरतंय आणि त्यावर बँकेचं व्याज हा भरतोय.

कायदा त्याच्या बाजूला आहे. २००६च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु पुरवठादाराचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दर महिन्याला चक्रवाढ व्याज. दाद मागायला फॅसिलिटेशन कौन्सिल आहे. पण तिथे जायचं म्हणजे गिऱ्हाइकावर दावा ठोकायचा, आणि पुढची ऑर्डर? म्हणून २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून आयकर कायद्यात ४३बी(एच) आलं. मुदतीत पैसे दिले नाहीत तर मोठ्या कंपनीला तो खर्च त्या वर्षी वजा करता येत नाही. प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षीच. म्हणजे लहानाने तोंड उघडायची गरज नाही, ऑडिटरच विचारेल. लगेच उलटी भीतीही सुरू झाली: मोठे खरेदीदार आता नोंदणी नसलेल्या किंवा मध्यम पुरवठादारांकडे वळतील, आणि लहान उद्योग म्हणून केलेली उद्यम नोंदणी हीच अडचण होऊन बसेल. ट्रेडरला हे संरक्षण लागूच नाही, हे तर अनेकांना फार उशिरा कळलं.

इथे संघटनेने काय करावं? देणेकरी आणि घेणेकरी दोघेही तिचेच. उघड बाजू घेतली तर छप्पर फाटतं, गप्प बसलं तर लहान सभासद म्हणतो, वर्गणी कशाची भरतो मी? व्यवहारात उत्तर मधलं निघतं. माहितीसत्र ठेवतात, कायदा समजावून सांगतात, चार्टर्ड अकाउंटंटला बोलावतात, नाव न घेता निवेदनं करतात. हे मला अपुरं वाटतं, आणि याहून वेगळं काय करता येईल हे सांगायला बसलो की मीही अडखळतो.

अशा सत्रांत शेवटी प्रश्नोत्तरं होतात. मागच्या रांगेतून एक हात वर येतो, माइक फिरत फिरत तिथे पोचतो. पन्नाशीचा माणूस उभा राहतो, शर्टाच्या खिशात दोन पेनं, बोटांना कूलंटचा वास. पुढच्या रांगेत दोन मोठ्या कंपन्यांचे खरेदी विभागाचे साहेब बसलेत, हे त्याला ठाऊक असतं. तो घसा साफ करतो आणि म्हणतो, “सर, समजा, एक मोठी कंपनी आहे...”