टाकी मोठी की वाट शहाणी?

‘एलिट डेंजरस’ या अंतराळयानांच्या व्हिडिओ गेममध्ये लांबच्या मोहिमेवर निघताना जादा इंधनटाकी बसवायचा मोह होतो. पण भरल्या टाकीच्या वजनाने यानाच्या एका ताऱ्याहून दुसऱ्याकडे जाणाऱ्या उडीचा पल्ला घटतो. शिवाय उडी दुप्पट लांब मारली तर इंधन दुपटीहून बरंच जास्त जळतं. खरी मदार ताऱ्यालगत इंधन गोळा करणाऱ्या फ्युएल स्कूपवर. तो ओ, बी, ए, एफ, जी, के, एम या वर्गांच्या ताऱ्यांपाशीच चालतो; तपकिरी बटूंच्या पट्ट्यात इंधनाचा काटा नुसता उतरत जातो. त्यामुळे नकाशावर ताऱ्यांच्या वर्गाची चाळणी आधी लावलेली बरी. अडलंच तर इंधन आणून देणारे ‘फ्युएल रॅट्स’ हे स्वयंसेवक खेळाडू आहेतच की, असं कुणी म्हणेल. आहेत, आणि फुकट येतात. पण दूरवर पोहोचायला त्यांनाही वेळ लागतो, आणि टाकी कोरडी पडल्यावर यानातला प्राणवायू जीवरक्षक उपकरणाच्या दर्जानुसार 5 ते 25 मिनिटंच पुरतो.