भीती अंगात कोठे बसते?

आपली मराठी भाषा भयाविषयी बोलू लागली म्हणजे मनाचे नाव क्वचितच घेते. कोणाच्या पोटात गोळा येतो, कोणाच्या काळजात धस्स होते, कोणाचे हातपाय गळतात, तर कोणाची बोबडी वळते. ही सारी शरीराची वर्णने होत. घरातील वडीलधारी स्त्री जेव्हा ‘पोराने धसका घेतला’ असे म्हणते, तेव्हा त्यातील ‘घेतला’ हा शब्द विचार करण्यासारखा आहे. जणू काही बाहेरची एखादी वस्तू मुलाने आत घेतली आणि ती तेथेच राहिली! अलीकडे मानसिक आघातावर जे देहाधिष्ठित उपचार निघाले आहेत, त्यांचा पाया याच समजुतीच्या अगदी जवळचा आहे. त्यांच्याविषयी विद्यार्थ्यांस, आणि विशेषतः त्यांच्या आईवडिलांस, चार शब्द सांगावे असे आम्ही योजिले आहे. याचे कारण आमच्याच एका चुकीत आहे.

काही वर्षांपूर्वी आमच्या वर्गात अकोल्याकडील एका खेड्यातून आलेला मुलगा होता. नापिकी व कर्ज यांनी गांजून त्याच्या वडिलांनी आपल्या जीवनाचा अंत करून घेतला होता, एवढे आम्हांस ठाऊक होते. मुलगा बुद्धिमान व आज्ञाधारक. परंतु पहिल्या तासास नेमके त्याचे पोट दुखे. दार आपटले की तो दचकून उभाच राही. धडा मुखोद्गत असूनही विचारताच घसा बंद होई. डॉक्टरांनी पोट तपासून काही दोष नसल्याचे सांगितले, तेव्हा तर हा मुलगा ढोंगी आहे अशी आमची खात्रीच झाली व आम्ही त्यास दोनदा बाकावर उभे केले. पुढे त्याच्या मातोश्री भेटावयास आल्या. वडिलांचे वर्तमान कोणीतरी भल्या पहाटे दारावर थाप मारून आणले होते, आणि दार या मुलानेच उघडले होते, हे त्यांनी सांगितले. त्या दिवशी आम्हांस घरी जेवण गेले नाही.

संकट समोर आले म्हणजे मेंदू आपला विचार घेण्यासाठी थांबत नाही. मूत्रपिंडांवरील दोन लहान ग्रंथींतून अ‍ॅड्रेनॅलिन नावाचे द्रव्य रक्तात उतरते, हृदय वेगाने चालू लागते, रक्त हातापायांच्या स्नायूंकडे धावते व पचनाचे काम मागे पडते. पोटातला तो गोळा येतो तो असा. पळावे किंवा झुंजावे, यासाठी ही सिद्धता असते. दोन्ही अशक्य असल्यास प्राणी थिजून जातो. मांजराच्या तावडीत सापडलेले पाखरू ज्यांनी पाहिले असेल त्यांस निराळे सांगणे नको. धोका टळल्यावर शरीर पूर्ववत व्हावे असा निसर्गक्रम आहे. परंतु काही जणांच्या बाबतीत ही धोक्याची घंटा वाजतच राहते. पहिल्या महायुद्धात खंदकांतून परतलेल्या सैनिकांचे हात थरथरत, वाचा जाई, आणि जखम तर कोठेच दिसत नसे. चार्ल्स मायर्स या डॉक्टरांनी १९१५ साली ‘शेल शॉक’ या नावाने त्याविषयी लिहिले. त्या काळी पुष्कळ अधिकाऱ्यांनी अशा सैनिकांस भ्याड ठरविले. आम्ही बाकावर उभे केले, एवढाच फरक. १९८० साली अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांनी या अवस्थेस आपल्या अधिकृत सूचीत आघातोत्तर तणाव विकार म्हणून स्थान दिले.

पीटर लेव्हिन, बेसेल व्हॅन डर कोल्क आदी चिकित्सकांचे म्हणणे असे की, ज्याची वाचाच बंद झाली आहे त्यास ‘सारे सविस्तर सांग’ म्हणणे व्यर्थ, कधी कधी तर घातक होय. म्हणून उपचारक प्रथम विचारतो: पाय जमिनीस टेकले आहेत काय? श्वास कोठवर जातो? खांदे कोठे आवळले आहेत? दुःखद स्मृतीस किंचित स्पर्श करावयाचा व लगेच शरीराच्या एखाद्या स्वस्थ जागी परत यावयाचे, असे थोडे थोडे चालते. यातील एक गोष्ट विद्यार्थ्यांस आताच पडताळून पाहता येईल. मनगटावरील नाडीवर बोट ठेवून संथपणे श्वास घ्यावा व त्याहून संथपणे सोडावा. श्वास सोडताना नाडी किंचित मंदावते. हृदयाला हुकूम करता येत नाही, पण श्वासाच्या वाटेने त्याची समजूत घालता येते.

या विषयात उत्साही मंडळींकडून अतिशयोक्तीही पुष्कळ होते. प्रत्येक आठवण कोणत्यातरी स्नायूत साठलेली असते, हे काही सिद्ध झालेले नाही. व्हॅन डर कोल्क यांनी २०१४ साली, इतर उपचारांनी गुण न आलेल्या ६४ स्त्रियांवरील प्रयोग प्रसिद्ध केला. दहा आठवडे योगाभ्यास केलेल्यांपैकी सुमारे निम्म्या स्त्रिया त्या विकाराच्या व्याख्येबाहेर आल्या. दुसऱ्या गटात हे प्रमाण एकपंचमांश होते. फल आशादायक खरे, पण प्रयोग लहान. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ साली ज्या उपचारांची शिफारस केली ते वेगळे आहेत. तेव्हा देहाधिष्ठित उपचार हा वैद्याचा सोबती समजावा, पर्याय समजू नये.

आता ख्रिस्ती दृष्टीविषयी. देह म्हणजे आत्म्याचा तुरुंग, ही कल्पना ग्रीक तत्त्वज्ञानातून आली आणि आमच्या कित्येक उपदेशकांच्या तोंडीही ती बसली आहे. कॅथोलिक ख्रिस्तसभेची शिकवण मात्र अशी नाही. संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात आत्मा हे देहाचे रूपतत्त्व होय असे प्रतिपादिले. व्हिएन येथील धर्मसभेने १३१२ साली त्यास मान्यता दिली. दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने १९६५ साली मनुष्य हा देह व आत्मा मिळून एकच आहे असे पुन्हा सांगितले. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९७९ पासून १९८४ पर्यंत बुधवारच्या प्रवचनांतून देहाच्याच अर्थाचा विस्तार केला. यातून आमच्या विषयास उपयोगी अशा दोन गोष्टी निघतात. ज्याचे अंग भीतीने कापते त्याची श्रद्धा उणी, असे म्हणण्यास आधार उरत नाही. तसेच रोगी म्हणजे दुरुस्तीस आलेले यंत्रही नव्हे. त्याच्या संमतीवाचून त्यास स्पर्श करणे वा त्याचे गुपित खोदणे हा त्या सबंध मनुष्याचाच अपमान होय. एलीया संदेष्टा जिवावर उदार होऊन रतामाच्या झुडपाखाली पडला, तेव्हा देवदूताने त्यास प्रवचन दिले नाही. त्यास झोपू दिले, भाकरी व पाणी दिले, पुन्हा झोपू दिले. बोलणे पुष्कळ नंतर झाले.

वऱ्हाडात याची निकड किती आहे हे सांगावयास नको. अमरावती जिल्ह्यातील ३० खेड्यांत ‘विश्राम’ नावाचा उपक्रम झाला. त्याचा अहवाल २०१७ साली प्रसिद्ध झाला. आरंभी नैराश्याने पीडलेल्या शंभरांपैकी अवघे ४ जण मदत घेत. दीड वर्षानंतर सुमारे २७ घेऊ लागले. हा देहाधिष्ठित उपचार नव्हता. गावचेच आरोग्य कार्यकर्ते आपुलकीने घरी जात, हेच त्यातील बळ. अमरावतीस १९१४ पासून हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आहे. शरीर कमावावे कसे हे या शहरास शिकविण्याची गरज नाही. आवळलेले शरीर सैल सोडावे कसे, तेवढे मात्र आम्ही सर्वांनी शिकावयाचे आहे. ज्या घरी असे मूल असेल त्यांनी जिल्हा रुग्णालयातील मनोविकार विभागात जावे, किंवा शासनाने २०२२ साली सुरू केलेल्या ‘टेली-मानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर विचारावे; त्यास मूल्य पडत नाही.

त्या मुलाची जागा आम्ही बदलली. पाठीशी भिंत व समोर दार, अशा बाकावर त्यास बसविले, म्हणजे कोण येते ते त्यास आधी दिसे. पहिल्या तासास आवारातील निंबाच्या रोपांस पाणी घालण्याचे काम त्याच्याकडे दिले. समुपदेशकांकडे तो आठवड्यातून एकदा जाई. पोटदुखी दिवाळीनंतर कमी झाली; दचकणे मात्र पुष्कळ दिवस टिकले. गेल्या वर्षी तो आम्हांस भेटावयास आला होता. आता तो नोकरीस आहे. खोलीत रिकाम्या खुर्च्या तीन होत्या; दार दिसेल अशा खुर्चीवर तो बसला, आणि आपण असे का बसलो हे लक्षात येऊन आमच्याकडे पाहून हसला.