नवी गाडी, जुनीच तक्रार : कायदा काय देतो?

स्वतंत्र कायदा : सदोष नव्या गाड्यांसाठी भारतात नाही. आधार ग्राहक संरक्षण कायदा, 2019 चा. अंमल 20 जुलै 2020 पासून.

दाद कुठे? गाडीसाठी दिलेला मोबदला 50 लाखांपर्यंत असल्यास जिल्हा ग्राहक आयोग. 2 कोटींपर्यंत राज्य आयोग. त्यापुढे राष्ट्रीय आयोग. गाडी दुसऱ्या शहरात घेतली असली, तरी नाशिककर नाशिकच्या जिल्हा आयोगात तक्रार करू शकतो.

मुदत : तक्रारीचे कारण घडल्यापासून 2 वर्षे.

शुल्क : 5 लाखांपर्यंत नाही, 10 लाखांपर्यंत 200 रुपये, 20 लाखांपर्यंत 400, 50 लाखांपर्यंत 1,000.

आयोग काय देऊ शकतो? दोष दुरुस्ती, बदली गाडी, पैसे परत, नुकसानभरपाई.

जपून ठेवा : बिल, वॉरंटी पुस्तिका, प्रत्येक जॉबकार्ड.

अपील : जिल्हा आयोगाच्या आदेशापासून 45 दिवसांत राज्य आयोगाकडे.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन : 1915