सिल्वासाहून न्यूरोसर्जरीकडे: काळ, पैसा आणि प्रशिक्षण

२०१९ पर्यंत दादरा आणि नगर हवेलीत वैद्यकीय महाविद्यालय नव्हते. त्या वर्षी सिल्वासा येथे श्री विनोबा भावे नागरी रुग्णालयाशी संलग्न महाविद्यालय सुरू झाले, जे आज ‘नमो’ या नावाने ओळखले जाते, आणि न्यूरोसर्जन, म्हणजेच मेंदू, मज्जारज्जू व मज्जातंतूंवर शस्त्रक्रिया करणारा तज्ज्ञ, होण्याचा पहिला टप्पा येथील मुलांच्या घराजवळ आला. अखेरच्या टप्प्यासाठी मात्र त्यांना मोठ्या शहरांतच जावे लागते.

नीट ही प्रवेशपरीक्षा उत्तीर्ण झाल्यावर एमबीबीएसची साडेचार वर्षे व सक्तीच्या आंतरवासितेचे एक वर्ष, त्यानंतर सामान्य शल्यचिकित्सेतील एम.एस. या पदव्युत्तर पदवीची तीन वर्षे आणि अखेरीस नीट-एसएस या वेगळ्या परीक्षेतून मिळणाऱ्या एम.सीएच. या अतिविशेष पदवीची तीन वर्षे, असा हा साडेअकरा वर्षांचा क्रम आहे. दिल्लीचे एम्स किंवा बंगळुरूचे निम्हान्स अशा संस्थांत एमबीबीएसनंतर थेट सहा वर्षांचा अभ्यासक्रमही असतो. भारतातील या शाखेचा पहिला विभाग १९४९ मध्ये वेल्लोरला सुरू करणाऱ्या डॉ. जेकब चांडी यांना माँट्रियलला जाऊन शिकावे लागले होते. आज तशी गरज उरलेली नाही.

या प्रशिक्षणाचा गाभा पुस्तकात नाही. सूक्ष्मदर्शकाखाली केसाहून बारीक धाग्याने मिलिमीटरभर रुंदीच्या रक्तवाहिन्या जोडण्याचा सराव, मृतदेहावर कवटीच्या तळाचे हाड कोरण्याचा अभ्यास, रात्री-अपरात्री येणारे अपघातग्रस्त आणि ज्येष्ठांच्या देखरेखीखाली हळूहळू वाढत जाणारी जबाबदारी यांतून हात व निर्णयशक्ती दोन्ही घडतात. म्हणूनच हा काळ कमी करण्याची मागणी योग्य ठरत नाही.

खर्चाचे चित्र प्रवेश कोठे मिळतो यावर ठरते. एम्ससारख्या केंद्रीय संस्थांचे वार्षिक शुल्क काही हजारांत असते, तर अभिमत विद्यापीठांत नुसत्या एमबीबीएसचा खर्च एक कोटीच्या आसपास जाऊ शकतो. निवासी डॉक्टरला विद्यावेतन मिळते हे खरे. परंतु बरोबरीचे मित्र विशीच्या प्रारंभी कमावू लागतात, तेव्हा हा विद्यार्थी तिशी गाठेपर्यंत शिकतच असतो आणि परीक्षांच्या तयारीत वर्षे गेली तर त्याहूनही पुढे. शेतीवर किंवा कारखान्यातील मजुरीवर चालणाऱ्या घराला फीपेक्षा हा प्रदीर्घ काळच अधिक महाग पडतो. २०११ च्या जनगणनेनुसार दादरा आणि नगर हवेलीतील निम्म्याहून अधिक लोक अनुसूचित जमातींचे आहेत, आणि एमबीबीएस व एम.एस.च्या प्रवेशात असलेले सामाजिक आरक्षण नीट-एसएसच्या अखिल भारतीय जागांना लागू नाही. वारली किंवा कोकणा घरातील मुलाला शेवटच्या टप्प्यावर हा आधारही उरत नाही.

शिवाय शस्त्रक्रियेचा सूक्ष्मदर्शक, अतिदक्षता विभाग आणि निष्णात भूलतज्ज्ञ यांच्याविना न्यूरोसर्जन काम करू शकत नाही, म्हणून तो मोठ्या शहरातच स्थिरावतो. सिल्वासाच्या पहिल्या तुकडीतील एखाद्याने एकही वर्ष न गमावता ही वाट धरली, तरी तो २०३१ पूर्वी पात्र होणार नाही. तोपर्यंत प्रशासनाने दोन गोष्टी कराव्यात: अतिविशेष शिक्षण घेणाऱ्या स्थानिक विद्यार्थ्यांना परतून सेवा करण्याच्या अटीवर पुरेशी शिष्यवृत्ती द्यावी, आणि परतणाऱ्याला आपले कौशल्य वापरता येईल असा सुसज्ज विभाग सिल्वासातच उभा करावा.