लिनक्स इतकं का बदलतं?

संगणक तोच, कळफलक तोच, मग काल इथं असलेलं बटण आज कुठं गेलं? शाळेत लिनक्स वापरणाऱ्यांना हा प्रश्न कधी ना कधी पडतोच. विद्यार्थ्यांसाठी पायऱ्या लिहून तक्ता भिंतीवर लावावा आणि सुट्टीनंतर संगणक सुरू करावा, तर पडद्यावरची मांडणीच निराळी! कधी प्रिंटर ओळखला जात नाही, कधी मराठी टंकलेखनाची सोय दिसेनाशी होते. चूक शिक्षकाची नसते. पण वर्गासमोर अडखळतो तो शिक्षकच.

हा प्रश्न आता अधिक शाळांपुढे येणार आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा आधार थांबवला. अनेक जुन्या संगणकांवर विंडोज ११ चालत नाही. असे संगणक मोडीत काढण्याऐवजी त्यांवर मोफत मिळणारं लिनक्स घालावं, हा विचार योग्यच आहे. पण ते घालण्यापूर्वी ते वारंवार का बदलतं, हे समजून घेतलेलं बरं.

एक नव्हे, हजारो

लायनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिहायला घेतलेलं लिनक्स म्हणजे खरं तर फक्त गाभा. प्रोसेसर, स्मृती, डिस्क यांचा कारभार हा गाभा सांभाळतो. आपल्याला पडद्यावर दिसणाऱ्या खिडक्या, मेनू, लेखनाचा किंवा चित्रांचा प्रोग्रॅम या गोष्टी वेगवेगळ्या गटांनी स्वतंत्रपणे तयार केलेल्या असतात. हे सगळे भाग गोळा करून, एकमेकांशी जुळवून, तपासून आपल्या हाती देणाऱ्या संचाला ‘डिस्ट्रिब्युशन’ म्हणतात. डेबियन (१९९३) आणि उबुंटू (२००४) हे असेच दोन संच. एकट्या डेबियनमध्ये साठ हजारांहून अधिक पॅकेजेस आहेत.

या प्रत्येक भागाचे कर्ते आपापल्या वेळापत्रकानं नवी आवृत्ती काढतात. त्यांचा कोणी एक मालक नाही, आणि आपल्या शाळेच्या परीक्षा कधी आहेत हे त्यांना माहीत असण्याचं कारण नाही.

पाट आणि विहिरी

एक भाग बदलला की दुसरा का बिघडतो? आपल्या अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातलंच उदाहरण घेऊ. भंडारदरा धरणाचं पाणी प्रवरा नदीतून ओझरच्या बंधाऱ्यापर्यंत येतं आणि तिथून डाव्या-उजव्या पाटांनी शेतांकडे जातं. पाट एक, शेतं अनेक. त्यामुळे प्रत्येकाचा खर्च वाचतो. पण आवर्तनाची तारीख बदलली, की पाटावरच्या सगळ्यांचंच नियोजन बदलतं.

संगणकातही असे पाट असतात. अनेक प्रोग्रॅमना लागणारं एखादं काम एकदाच लिहून ठेवतात आणि सगळे ते वापरतात. अशा भागाला ‘लायब्ररी’ म्हणतात. उदाहरणार्थ, ‘र्क’ मधला रफार ‘क’च्या डोक्यावर नेणं किंवा ‘क्ष’ची जोडणी करणं, हे काम ‘हार्फबझ’ नावाची लायब्ररी करते. तिच्यात दुरुस्ती झाली, की तिचा वापर करणाऱ्या सर्व प्रोग्रॅमना एकदम फायदा होतो. पण तिची वागणूक जरा बदलली, तर जुन्या वागणुकीवर विसंबलेला एखादा प्रोग्रॅम अडतो. त्या प्रोग्रॅमला कोणी हातही लावलेला नसतो.

यावर अलीकडे निघालेला तोडगा म्हणजे प्रत्येक शेताला स्वतःची विहीर! ‘स्नॅप’ आणि ‘फ्लॅटपॅक’ या पद्धतींमध्ये प्रोग्रॅम स्वतःला लागणाऱ्या बहुतेक लायब्ररी सोबत घेऊन येतो. पाटावरचं अवलंबन कमी होतं. पण डिस्कवर जागा जास्त लागते आणि इंटरनेटवरून उतरवून घेण्याचा मजकूरही वाढतो. जुन्या संगणकाच्या आणि संथ जोडणीच्या शाळेला ही किंमत जाणवते.

मांडणी का मोडतात?

लायब्ररी बदलणं हा तांत्रिक भाग झाला. पण वापरणारे सर्वांत जास्त वैतागले ते पडद्याची मांडणी बदलल्यामुळे. जानेवारी २००८ मध्ये ‘केडीई’ची चौथी आवृत्ती आली, तेव्हा तिच्यात जुन्या अनेक सोयी नव्हत्या. एप्रिल २०११ मध्ये ‘ग्नोम’नं तिसऱ्या आवृत्तीत ओळखीचा मेनू आणि खालची पट्टी काढून टाकली. त्याच महिन्यात उबुंटूनं ‘युनिटी’ नावाची स्वतःची मांडणी आणली आणि ऑक्टोबर २०१७ मध्ये ती सोडून उबुंटू पुन्हा ग्नोमकडे वळलं.

त्या काळात स्पर्शानं चालणारे पडदे वाढत होते आणि जुनी रचना पुढे चालवणं कर्त्यांना अवघड वाटत होतं. त्यांच्या दृष्टीनं बदलाला कारण होतं. पण वापरणाऱ्याच्या बोटांना झालेली सवय त्यांनी हिशेबात धरली नाही. ही प्रणाली मुक्त असल्यामुळे नाराज लोकांनाही मार्ग होता. जुन्या ग्नोमचा मजकूर घेऊन काहींनी २०११ मध्येच ‘माते’ ही मांडणी सुरू केली. ती आजही वापरता येते. ज्या स्वातंत्र्यामुळे कर्ता मांडणी मोडू शकतो, त्याच स्वातंत्र्यामुळे दुसरा ती जपू शकतो.

न बदलणारंही आहे

मग संगणकात काहीच टिकत नाही का? तसं नाही. जुन्या गाभ्यावर चालणारा प्रोग्रॅम नव्या गाभ्यावरही चालला पाहिजे, हा टोरवाल्ड्स यांचा कडक नियम आहे. म्हणजे सर्वांत आतला भाग त्या दृष्टीनं स्थिर आणि वरचा देखावा चंचल, अशी ही गंमत आहे.

मराठीचं उदाहरण तर आणखी बोलकं आहे. ‘इनस्क्रिप्ट’ कळफलकाची रचना १९९१ च्या भारतीय मानकात आली. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला. तेव्हा ती शिकलेल्या शिक्षकाला आज विंडोजवर किंवा लिनक्सवर तीच रचना वापरता येते. युनिकोडमध्ये ‘क’ला दिलेला २३२५ हा क्रमांकही तसाच आहे. २००८ मध्ये मराठीसाठी ‘ॲ’ हे अक्षर घेतलं गेलं, तेव्हा त्याला २४१८ हा रिकामा क्रमांक मिळाला. जुन्या कोणत्याही अक्षराला हलवावं लागलं नाही. बदल म्हणजे मोडतोड असं नव्हे. जुन्याला धक्का न लावता भर घालता येते, हे यावरून दिसतं.

शाळेनं काय करावं?

उबुंटूच्या आवृत्तीचा क्रमांक म्हणजे वर्ष आणि महिना. २४.०४ म्हणजे एप्रिल २०२४. दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती निघते. पण साध्या आवृत्तीला फक्त नऊ महिने आधार मिळतो. दर दोन वर्षांनी, सम वर्षाच्या एप्रिलमध्ये, दीर्घकालीन आधाराची आवृत्ती निघते. तिला पाच वर्षं सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळतात. शाळेसाठी हीच घ्यावी. केरळच्या शाळांसाठी ‘काइट’ ही सरकारी संस्था लिनक्सचा जो संच देते, तोही उबुंटूच्या दीर्घकालीन आवृत्तीवरच बेतलेला आहे.

आवृत्ती बदलायचीच असेल तर ती मे महिन्याच्या सुट्टीत बदलावी. आधी एकाच संगणकावर घालून प्रिंटर, मराठी टंकलेखन आणि नेहमीचे प्रोग्रॅम तपासावेत, मग इतरांवर. सुरक्षेच्या दुरुस्त्या मात्र थांबवू नयेत. त्या आणि नवी आवृत्ती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. संगणक ३२ बिटचा असेल तर विशेष काळजी घ्यावी. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेलं डेबियन १३ अशा संगणकावर नव्यानं घालता येत नाही.

अकोले तालुक्याच्या डोंगराळ भागातल्या शाळेला दुरुस्तीसाठी बाहेरून माणूस बोलावणं सोपं नसतं. तिथं ‘सर्वांत नवं’ यापेक्षा ‘सर्वांत टिकाऊ’ हीच कसोटी लावली पाहिजे.

करून पाहा

जून २०२४ मध्ये आठवीत आलेली मुलगी मार्च २०२७ मध्ये दहावीची परीक्षा देते, असं धरा. कागदावर काळाची रेघ आखून तिच्यावर उबुंटूच्या सर्व आवृत्त्यांच्या तारखा मांडा. प्रत्येक नवी आवृत्ती घेत गेलं तर तिच्या शाळेतला संगणक पाच वेळा बदलेल, २४.०४ वर थांबलं तर एकदाही नाही. विद्यार्थ्यांना विचारा: या पाच बदलांपैकी कोणता बदल आपल्याला खरोखर हवा होता?