वय झालं म्हणण्याआधी

उतारवयातलं नैराश्य आणि स्मृतिभ्रंश सुरुवातीला एकमेकांसारखेच दिसतात. दोन्हींच्या खुणा घरच्यांना ओळखता आल्या, तर उपचार वेळेत सुरू होतात.

रायपूरच्या उत्तरेला उरला ही औद्योगिक वसाहत. रोलिंग मिल, फेरो अलॉयच्या भट्ट्या, लागूनच बिरगावची दाट वस्ती आणि पलीकडे सिलतराचे स्पंज आयर्नचे कारखाने. सकाळी पुसलेली गच्ची संध्याकाळपर्यंत काळी होते, हे इथल्या गृहिणीला वेगळं सांगावं लागत नाही. या भट्ट्यांपुढे ज्यांनी ऐन उमेदीत दिवसपाळी-रातपाळी केली, ती माणसं आता साठी-सत्तरीत आहेत. त्यात छत्तीसगढी आहेत, ओडिशा-बिहारहून आलेली आहेत आणि विदर्भातून नोकरीनिमित्त येऊन पक्की रायपूरकर झालेली मराठी माणसंही आहेत.

घराघरातली तक्रार मात्र सारखीच. बाबा हल्ली विसरतात. कुणात मिसळत नाहीत. दोनदा हाक मारली तरी ओ देत नाहीत. यावर शेजाऱ्यांचं उत्तरही ठरलेलं: ‘अब उमर हो गई है.’ या एका वाक्यापायी अनेकांची उपचाराची मोलाची वर्षं वाया जातात. कारण या तिन्ही तक्रारींमागे स्मृतिभ्रंश असू शकतो, तसंच नैराश्य असू शकतं, बहिरेपण असू शकतं, थायरॉइडचा बिघाड किंवा बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरताही असू शकते. यातल्या कित्येक गोष्टी औषधाने किंवा साध्या उपकरणाने सुधारतात.

देशव्यापी पाहणीवर आधारलेल्या आणि २०२३मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार, भारतात साठीपुढच्या शंभरातल्या सुमारे सात जणांना स्मृतिभ्रंश आहे. म्हणजे जवळपास ८८ लाख लोक. उरलेल्या त्र्याण्णव जणांचं ‘वय झालेलं’ असूनही त्यांना हा आजार नाही, ही या आकड्याची दुसरी बाजू. चष्मा कुठे ठेवला ते विसरणं, नाव ओठांवर येऊन अडणं, हे वयाचं. चष्मा फ्रीजमध्ये सापडणं आणि तो तिथे कसा गेला याचा पत्ता नसणं, हे वयाचं नव्हे.

किती दिवसांत झालं?

डॉक्टर सर्वांत आधी विचारतात, ‘हे कधीपासून?’ निम्मं निदान या उत्तरात असतं.

काल रात्रीपर्यंत नीट बोलणारे आजोबा आज सकाळी मुलाला ओळखत नाहीत, असंबद्ध बडबडतात, मध्येच गुंगीत जातात. असा काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत झालेला बदल बहुधा डिलिरियम असतो. मूत्रमार्गाचा किंवा फुप्फुसांचा संसर्ग, रक्तातलं सोडियम उतरणं, साखर फार कमी किंवा जास्त होणं, नवं औषध, किंवा रायपूरच्या मे महिन्यातल्या उन्हात अंगातलं पाणी आटणं, अशी त्याची कारणं. त्याच दिवशी रुग्णालय गाठायला हवं. त्यातच तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला किंवा बोबडी वळली, तर तो पक्षाघात असू शकतो आणि तिथे मिनिटांचा हिशेब असतो.

नैराश्य आठवड्यांत वाढतं. घरच्यांना साधारण महिना सांगता येतो: निवृत्तीनंतर, पत्नी गेल्यावर, मुलगा पुण्याला गेल्यापासून. अर्थात काही वेळा कुठलंही निमित्त सापडत नाही. उदासी किंवा कशातच गोडी न वाटणं सलग दोन आठवडे, दिवसातला बराच वेळ टिकलं, तर ती मनाची तात्पुरती मरगळ समजू नये.

स्मृतिभ्रंशाचा अल्झायमर हा प्रकार वर्षांच्या गतीने येतो. ‘कधीपासून?’ या प्रश्नावर घरात एकमत होत नाही. मुलगा म्हणतो वर्ष झालं, सून म्हणते तीन वर्षं. मेंदूतल्या रक्तवाहिन्या बिघडून होणारा स्मृतिभ्रंश बऱ्याचदा पायरीपायरीने उतरतो: एक झटका, थोडी घसरण, मग काही महिने जैसे थे. रक्तदाब, मधुमेह आणि तंबाखू असलेल्यांनी हा प्रकार विशेष ध्यानात ठेवावा.

तक्रार कोण करतं?

समजा, उरल्याच्या मिलमधून निवृत्त झालेले दोन फोरमन डॉक्टरांकडे आले आहेत. दोघांनाही विचारलं, ‘आज नाश्त्याला काय खाल्लंत?’ पहिले मान खाली घालून म्हणतात, ‘काय माहीत. माझं डोकंच चालत नाही हो. काही लक्षात राहत नाही.’ दुसरे हसून म्हणतात, ‘पोहे!’ आणि लगेच बायकोकडे वळून बघतात. सकाळी घरात उपमा झालेला असतो.

पहिल्या फोरमनचा कल नैराश्याकडे. त्यांना आपल्या विसराळूपणाची खंत आहे आणि ते प्रयत्नच सोडून देतात. दुसऱ्यांची स्वतःची काही तक्रार नाही, तक्रार बायकोची आहे. आठवणीतली मोकळी जागा ते अंदाजाने भरतात आणि उत्तरासाठी सोबतच्या माणसाकडे वळतात. हे मान वळवणं डॉक्टर मुद्दाम टिपून ठेवतात.

यामागचं कारण मेंदूत आहे. दुकानदार दिवसभराचे व्यवहार कच्च्या वहीत टिपतो आणि मग पक्क्या खात्यात उतरवतो. मेंदूत हे उतरवून घेण्याचं काम हिप्पोकॅम्पस हा भाग करतो. अल्झायमरमध्ये त्याच्यावर आघात लवकर होतो, त्यामुळे सकाळचा नाश्ता पक्क्या खात्यात चढतच नाही. तरुणपणीची मिलमधली पहिली पाळी मात्र तपशीलवार सांगता येते. नैराश्यात खातं शाबूत असतं, पण लक्षच नसल्यामुळे कच्ची नोंद पुसट होते. म्हणून ‘फोडणीचं होतं का? रव्याचं होतं का?’ असा धागा दिला की नैराश्यातल्या माणसाला पुष्कळदा आठवतं. अल्झायमरच्या रुग्णाला अशा धाग्याचा फारसा उपयोग होत नाही.

दुसरी परीक्षा घड्याळाची. कोऱ्या कागदावर गोल काढून आकडे भरा आणि अकरा वाजून दहा मिनिटं दाखवा, असं सांगतात. स्मृतिभ्रंशाच्या सुरुवातीला काही जण एक काटा अकरावर आणि दुसरा थेट दहाच्या आकड्यावर ठेवतात. ‘दहा मिनिटं’ म्हणजे दोनवरचा काटा, हे भाषांतर मेंदूला जमत नाही.

या दोन आजारांमधली सीमा मात्र भिंतीसारखी नाही. नैराश्यामुळे स्मृतिभ्रंशासारखं चित्र उभं राहू शकतं, हे लेस्ली किलो या मनोविकारतज्ज्ञाने १९६१मध्ये तपशिलात मांडलं. उलटा प्रवासही घडतो. लंडनच्या सरकारी कर्मचाऱ्यांच्या ‘व्हाइटहॉल’ अभ्यासात दहा हजारांहून अधिक लोकांचा २८ वर्षं मागोवा घेतला गेला. पुढे स्मृतिभ्रंश झालेल्यांमध्ये निदानाच्या सुमारे ११ वर्षं आधीपासून उदासीची लक्षणं इतरांपेक्षा जास्त दिसू लागली होती. म्हणून साठीनंतर आयुष्यात पहिल्यांदाच नैराश्य आलं, तर त्यावर उपचार करावेतच, शिवाय बरं वाटल्यावरही स्मरणशक्तीची तपासणी अधूनमधून करत राहावी.

अंग बोलतं, मन गप्प

कारखान्यात आयुष्य काढलेला पुरुष ‘मला उदास वाटतं’ असं सहसा म्हणत नाही. तो सांगतो: कंबर दुखते, गॅस होतो, कमजोरी आहे, घबराहट होते. तपासण्या नॉर्मल येतात आणि दुखणं तसंच राहतं. पहाटे तीन-चारला जाग येणं आणि पुन्हा झोप न लागणं, जेवण कमी होऊन वजन उतरणं, सकाळी सर्वांत जास्त जड वाटणं, क्षुल्लक गोष्टींवरून चिडणं, दारू वाढणं, या नैराश्याच्या खुणा. गणपतीला दरवर्षी आरास करणारा माणूस ‘यंदा तुम्हीच बघा’ म्हणून खोलीत जाऊन पडला, तर ते लक्षात घ्यावं.

‘माझं ओझं झालंय’, ‘आता कशाला जगायचं’ अशी वाक्यं, अचानक केलेली निरवानिरव, हे धोक्याचे इशारे. अशा वेळी ‘जीव द्यावासा वाटतो का?’ असं शांतपणे, थेट विचारावं. विचारल्याने तो विचार डोक्यात भरतो ही समजूत खोटी आहे. विचारल्याने माणूस बोलता होतो. उत्तर होकारार्थी आलं, तर त्याला एकटं सोडू नये.

स्मृतिभ्रंशाच्या खुणा रोजच्या कामात दिसतात. चाळीस वर्षं चहा करणाऱ्या आजी साखर दोनदा घालतात. पेन्शनचा हिशेब चुकतो, मोबाइलवरून पैसे पाठवणं जमेनासं होतं, त्याच दुकानातून तोच किराणा पुन्हा येतो. ओळखीच्या गल्लीत वाट चुकते. पंधरा मिनिटांत तोच प्रश्न चौथ्यांदा येतो. पाकीट सापडत नाही आणि आळ मोलकरणीवर जातो. काहींमध्ये आठवण बरी राहते, पण वागणं बदलतं: भिडस्त माणूस चारचौघांत वाटेल ते बोलतो, अचानक गोडाचा सपाटा लावतो. हा प्रकार पन्नाशीतही येऊ शकतो आणि बराच काळ विक्षिप्तपणा म्हणून सोडून दिला जातो.

उरल्यात आधी कान तपासा

या परिसराचा स्वतःचा एक मुद्दा आहे. लोखंडाच्या कारखान्यांत वर्षानुवर्षं कानावर आदळणाऱ्या आवाजाने येणारं बहिरेपण सरकारला कळवणं बंधनकारक असलेल्या व्यवसायजन्य आजारांच्या यादीत आहे. त्यात वरच्या पट्टीचे आवाज आधी जातात. स, श, फ अशी अक्षरं निसटतात. ‘आवाज येतो, पण काय म्हणालात ते कळत नाही,’ अशी अशा माणसाची तक्रार असते. लग्नकार्यातल्या गलक्यात तर काहीच समजत नाही. मग माणूस भलतीच उत्तरं देतो, लोक हसतात, तो घराबाहेर पडणं टाळतो. बघणाऱ्याला तो विसराळू वाटतो, उदास वाटतो. आणि एकटेपणाने तो पुढे खरोखरच उदास होतो.

‘लॅन्सेट’च्या आयोगाने २०२४मध्ये स्मृतिभ्रंशाचे बदलता येण्याजोगे १४ धोके मांडले. ते सगळे दूर करता आले, तर जगातला जवळपास ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळू किंवा लांबू शकेल, असा त्यांचा हिशेब. त्या यादीत ऐकू न येणं आहे, नैराश्य आहे, उच्च रक्तदाब, मधुमेह आणि तंबाखूचा धूर आहे, एकटेपणा आहे आणि हवेचं प्रदूषणही आहे. उरला-सिलतराच्या रहिवाशाला ही यादी परकी वाटणार नाही.

श्रवणयंत्राचा उपयोग होतो का? अमेरिकेत ७० ते ८४ वयाच्या ९७७ जणांवर तीन वर्षं झालेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २०२३मध्ये आले. सरसकट सगळ्यांमध्ये फरक दिसला नाही. पण ज्यांना आधीपासून जास्त धोका होता, त्या गटात बुद्धीची घसरण सुमारे ४८ टक्क्यांनी मंदावली. श्रवणयंत्र हा स्मृतिभ्रंशावरचा इलाज नव्हे, पण ऐकू येऊ लागलेला माणूस पुन्हा बोलण्यात येतो, एवढं तरी पदरात पडतंच.

फेरो अलॉयच्या भट्टीवर किंवा वेल्डिंगवर काम केलेल्यांनी डॉक्टरांना तेही आवर्जून सांगावं. मँगनीज श्वासावाटे अंगात गेल्याचा मेंदूवर परिणाम होतो, हे कूपर यांनी स्कॉटलंडच्या कामगारांमध्ये १८३७ साली नोंदवलं. सुरुवात सुस्ती, चिडचिड, उदासीनता अशी होते. अंग ताठरणं, चाल बिघडणं नंतर येतं.

परीक्षा कोणत्या भाषेत?

रायपूरच्या मराठी घरात तीन भाषा सहज नांदतात: घरात मराठी, कारखान्यात हिंदी, भाजीवालीशी छत्तीसगढी. त्याचा फायदाही आहे. सुवर्णा अल्लाडी आणि सहकाऱ्यांनी हैदराबादच्या निझाम्स इन्स्टिट्यूटमध्ये स्मृतिभ्रंशाच्या ६४८ रुग्णांचा अभ्यास २०१३मध्ये प्रसिद्ध केला. एकाहून अधिक भाषा बोलणाऱ्यांमध्ये आजाराची सुरुवात सरासरी साडेचार वर्षं उशिरा झालेली आढळली, अगदी निरक्षरांमध्येही.

मात्र चाचणी चुकीच्या भाषेत घेतली, तर शहाणा माणूसही नापास होतो. परदेशी चाचण्यांत शंभरातून सात-सात वजा करायला सांगतात. शाळेची पायरी न चढलेल्या कामगाराला ते कसं जमावं? हरियाणातल्या बल्लभगड भागात संशोधकांनी म्हणूनच निरक्षर ज्येष्ठांसाठी हिंदी चाचणी घडवली आणि जोडीला घरच्यांना विचारायची प्रश्नावलीही: जेवण झाल्याचं विसरतात का, गावात वाट चुकते का, होळी-दिवाळी लक्षात राहते का. घरचा माणूस हाच इथे मुख्य साक्षीदार. तुलना शेजारच्या तल्लख आजोबांशी करायची नाही, त्याच माणसाच्या दोन वर्षांपूर्वीच्या वागण्याशी करायची.

घरच्यांनी काय करावं?

एका वहीत तारखेसह लिहा: काय घडलं, किती वेळा. सगळी औषधं पिशवीत भरून डॉक्टरांना दाखवा. झोपेच्या आणि अॅलर्जीच्या काही गोळ्यांनीही गोंधळ वाढतो. कान आणि डोळे तपासून घ्या. बी-१२, थायरॉइड, साखर, सोडियम यांच्या रक्ततपासण्या करा. मग मनोविकारतज्ज्ञ किंवा मेंदूविकारतज्ज्ञ गाठा; रायपूरला टाटीबंधच्या एम्समध्ये मनोविकार विभाग आहे. नैराश्याच्या गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात, त्या मध्येच बंद करू नका. स्मृतिभ्रंश पूर्ण बरा करणारं औषध आज नाही. पण निदान लवकर झालं, तर रक्तदाब-साखर आवरता येते, पैशांचे आणि कागदपत्रांचे निर्णय त्या माणसालाच विचारून घेता येतात आणि घरातली रोजची भांडणं थांबतात.

लगेच कुठे जाता येत नसेल, तर केंद्र सरकारच्या ‘टेलि-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र आणि मोफत सुरू असतो. तुमच्या घरात असा बदल गेले काही आठवडे दिसत असेल, तर पुढच्या सणापर्यंत थांबू नका. या आठवड्यातच तपासणीला घेऊन जा.