पोरांच्या प्रोजेक्टचा कोड कुठं ठेवायचा? रिपॉझिटरी उघडताना पहिल्याच दिवशी ठरवा या गोष्टी

गावातली पोरं-पोरी आता बीसीए, बीसीएस, डिप्लोमा, इंजिनिअरिंग शिकायला बाहेर जातात. शेवटच्या वर्षी प्रोजेक्ट असतो. चौघं मिळून रात्र-रात्र जागून प्रोग्रॅम लिहितात. मार्क पडले की तो कोड कुणाच्या तरी लॅपटॉपमध्ये पडून राहतो. लॅपटॉप बिघडला की मेहनत गेली. मुलाखतीत "काय बनवलं ते दाखव" म्हटलं की दाखवायला काही नसतं. यावर फुकटातला उपाय म्हणजे कोड रिपॉझिटरी. मात्र ती नीट उघडली तरच फायदा, नाहीतर उलट नुकसान.

रिपॉझिटरी म्हणजे काय?

आपल्याला सातबारा आणि फेरफार माहीत आहे. जमिनीत काही बदल झाला की फेरफाराची नोंद होते. कुणाचं नाव लागलं, कधी लागलं, हे मागं जाऊन बघता येतं. रिपॉझिटरी ही कोडची तशीच वही समजा. प्रोग्रॅममध्ये बदल करून जपून ठेवला की एक नोंद पडते, तिला कमिट म्हणतात. कुणी, कधी, कोणती ओळ बदलली, सगळं त्यात राहतं. नवा बदल फसला तर जुन्या नोंदीवर परत जाता येतं.

बाहेरच्या माणसानं सुधारणा सुचवली तर ती थेट लागत नाही. तलाठ्यानं नोंद धरली तरी मंडळ अधिकाऱ्यानं मंजूर करावी लागते, तसंच इथंही मालकानं तपासून मंजुरी दिल्यावरच बदल आत येतो. याला पुल रिक्वेस्ट म्हणतात.

एका विद्यार्थ्याचंच काम

१९९१ साली फिनलंडमधल्या हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या २१ वर्षांच्या लिनस टोरवाल्ड्सनं स्वतःच्या कॉम्प्युटरसाठी एक प्रणाली लिहायला घेतली आणि तिचा कोड सगळ्यांना खुला केला. तीच लिनक्स. सुरुवातीला त्यानं अट घातली होती, की ही प्रणाली वाटताना कुणी पैसे घ्यायचे नाहीत. १९९२ मध्ये त्यानं ती अट काढून जीपीएल नावाचं लायसन्स लावलं. वापरा, बदला, विका, पण बदललेला प्रोग्रॅम दुसऱ्याला दिला तर त्याचा कोडही त्याच अटीवर द्या, असं ते लायसन्स सांगतं. मग कंपन्याही यात उतरल्या. आज आपल्या हातातला अँड्रॉइड मोबाईल लिनक्सच्याच गाभ्यावर चालतो.

जगभरातून येणारे बदल सांभाळायला त्यानंच २००५ मध्ये गिट हे साधन तयार केलं. गिटवर चालणारी गिटहब ही वेबसाइट २००८ मध्ये सुरू झाली. गिटलॅब, कोडबर्ग याही तशाच जागा आहेत.

उघडायची कशी?

गिटहबवर ईमेल देऊन खातं काढा. मोबाईलच्या ब्राउझरमधूनही जमतं. दुहेरी सुरक्षा चालू करा. त्या वेळी मिळणारे रिकव्हरी कोड कागदावर लिहून घरात ठेवा. मोबाईल हरवला तर तेच कामाला येतात.

मग अधिक चिन्हावर दाबून 'न्यू रिपॉझिटरी' निवडा. इथं पाच गोष्टी ठरवायच्या.

१. नाव : इंग्रजी अक्षरांत, छोटं, कामाचा अंदाज येईल असं.

२. पब्लिक की प्रायव्हेट : पब्लिक म्हणजे जगाला दिसणार. काम कच्चं असेल तर आधी प्रायव्हेट ठेवा, तपासून नंतर खुलं करा.

३. रीडमी : हा प्रोग्रॅम काय करतो, कसा चालवायचा, हे सांगणारी फाईल. मुलाखत घेणारा आधी हीच वाचतो.

४. गिटइग्नोर : कोणत्या फाईली वहीत घ्यायच्याच नाहीत, त्याची यादी.

५. लायसन्स : इथंच बरेच जण चुकतात. कोड नुसता पब्लिक केला म्हणून तो ओपन सोर्स होत नाही. लायसन्स नसेल तर हक्क लिहिणाऱ्याकडेच राहतात आणि दुसऱ्याला तो वापरायची परवानगी मिळत नाही. कुणीही, अगदी धंद्यासाठीही वापरावा, फक्त आपलं नाव आणि लायसन्स सोबत ठेवावं, असं वाटत असेल तर एमआयटी. सुधारणा करून वाटणाऱ्यानं कोडही खुला द्यावा, असं वाटत असेल तर जीपीएल.

काय कधीच टाकायचं नाही?

समजा, पोरांनी गावच्या डेअरीसाठी दुधाच्या हिशोबाचं अ‍ॅप बनवलं. फॅट, एसएनएफ आणि लिटरवरून दर काढणारा कोड खुला करायला हरकत नाही. पण तपासणीसाठी घेतलेली दूध उत्पादकांची खरी यादी, त्यांचे मोबाईल, बँक खाती, आधार नंबर त्यात गेले तर गावाची माहिती जगापुढं उघडी पडली. तपासणीला खोटी नावं आणि खोटे आकडे वापरा.

डेटाबेसचा पासवर्ड, पेमेंटची की याही कोडमध्ये लिहू नका. असे पासवर्ड शोधत फिरणारे प्रोग्रॅम चोरट्यांकडे असतात. चुकून पडलाच, तर फाईल पुसून भागत नाही, जुन्या नोंदीत तो शिल्लक राहतो. म्हणून आधी पासवर्ड बदला, मग साफसफाई करा.

चौघांचा प्रोजेक्ट असेल तर

एकाच्याच खात्यावर सगळा कोड टाकला तर नोंदीही त्याच्याच नावावर पडतात. बाकीच्या तिघांचं काम दिसत नाही. म्हणून प्रत्येकानं स्वतःच्या खात्यातून कमिट करावं. गिटहबवर फुकटात 'ऑर्गनायझेशन' उघडता येते, रिपॉझिटरी तिथं ठेवा म्हणजे ती एकट्याची होत नाही. मात्र कंपनीत इंटर्नशिप करताना लिहिलेला कोड त्यांना न विचारता टाकू नका. कॉलेजचे काही नियम असतील तर तेही गाइडना विचारून घ्या.

आई-वडिलांना कोडिंग कळायलाच पाहिजे असं नाही. पोराला फोनवर एवढंच विचारा : कोड लॅपटॉपशिवाय आणखी कुठं ठेवलाय का? तुझ्या नावानं नोंदी पडतात का? लायसन्स कोणतं लावलं? आणि त्यात गावातल्या कुणाचा नंबर तर नाही ना?